कठड्याबाहेरचा नवस

मेशुल्लामने माझ्या हातातला कोकराचा दोर काढून घेतला आणि कठड्यावरून वाकून परत बाहेर उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला. इतक्या सावकाश, की क्षणभर मला वाटलं, दोराला गाठ पडली असेल ती हा सोडवतोय. मग म्हणाला, "आजपासून बंद, याकीमकाका. परक्यांचं काही घ्यायचं नाही. कोकरू नाही, कबूतर नाही, मूठभर पीठसुद्धा नाही." मेशुल्लाम लेवी आहे, यरुशलेमेच्या मंदिराच्या दारावर पहारा देतो, माणूस वाईट नाही; सांगताना तो माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होता. माझी मूठ मात्र दोर असल्यासारखीच मिटलेली राहिली. सव्वीस वर्षं मी या कठड्याशी उभा राहून परक्यांच्या हातातले दोर घेत आलो. अंताकियाचे व्यापारी, दमास्कसच्या बायका, एकदा तर रोमन पलटणीतला एक लंगडा हवालदार. सगळ्यांनी या हातात दोर दिला आणि निश्चिंत मनाने घरी गेले. छातीएवढा दगडी कठडा, त्यावर दोन परक्या भाषांत कोरून ठेवलंय, की आमच्यातला नसलेला कोणी आत आला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. पण हा कठडा माणसांना आहे, जनावरांना नाही. परका माणूस बाहेर थांबतो, त्याचं कोकरू आत जातं, आणि वेदीवर चढल्यावर कोणतं कोकरू कोणाचं हे धुरावरून कोणालाच सांगता येत नाही. मला ही गोष्ट नेहमी आवडत आली. मेशुल्लामला मी एवढंच विचारलं, की हे ठरवलं कोणी. त्याने हनुवटीने आतल्या बाजूला खूण केली, म्हणजे तरुण याजकांनी आणि त्यांच्या सरदाराने.

ती बाई समुद्रकाठच्या सोर शहरातली. नाव बतनोआम. तिचा नवरा शिंपल्यांतून जांभळा रंग काढायच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर ती स्वतः शिंपल्या फोडते; हात कोपरापर्यंत जांभळे, आणि अंगाला शिंपल्यांचा असा वास की कोकरूही मधूनमधून शिंकत होतं. दोर परत हातात आल्यावर तिने तो मनगटाला गुंडाळला. मघाशी मी कोकरू तपासत असताना तिने सगळं भडाभडा सांगितलं होतं. एकुलत्या एका मुलीची तीन मुलं मेलेली जन्मली. चौथ्या वेळी हिने कोणाला न विचारता, समुद्राकडे पाठ करून आमच्या डोंगराच्या दिशेने हात जोडले आणि नवस बोलली. नातू झाला. जगला. येत्या अमावास्येला वर्षाचा होईल, आणि वर्ष भरायच्या आत नवस फेडायचा असं तिने देवाला सांगून ठेवलं होतं. कोकरूही त्याच आठवड्यातलं, दोघं एका उंबऱ्यावर लोळून वाढलेली. मी कोकराच्या पापण्या उलटून पाहिल्या, ओठ पाहिला, खूर पाहिले. कुठे डाग नाही, खोड नाही. इतकं निर्दोष जनावर वर्षातून दोनदा बघायला मिळालं तर पुष्कळ. "बाबा, अमावास्येला पाच दिवस राहिलेत," ती आता म्हणाली. रडली नाही, हात जोडले नाहीत. आमच्या घरात काय भांडण चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं; तिला फक्त पाच दिवस ठाऊक होते. मी म्हणालो, "इथेच थांब. कुठे जाऊ नकोस." आणि आत निघालो. हे कोकरू चढल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही, असं मनाशी ठरवूनच निघालो. मी हट्टी आहे. आई म्हणायची, याच्या डोळ्यातला डाग डोक्यात उतरलाय.

तो डाग काही मोठा नाही. डाव्या डोळ्यातलं पांढरं जरासं काळ्यात शिरलंय, तिळाएवढं. दिसतं मला स्वच्छ. इतकं, की मंदिराच्या सरपणाच्या खोलीत बसून वेदीसाठी आलेल्या लाकडातली कीड शोधायचं कामही कठड्यावरच्या कामाबरोबर मला दिलेलं आहे, आणि माझ्या नजरेतून कीड सुटत नाही. कीड लागलेलं लाकूड वेदीला चालत नाही. व्यंग असलेला याजकही चालत नाही. म्हणून एकाने दुसऱ्याला निवडत बसायचं. वीस वर्षांचा होतो तेव्हा घडीव दगडांच्या दालनात आम्हा याजकघराण्यातल्या तरुणांना ओळीने उभं केलं होतं. म्हातारे न्यायाधीश एकेकाला उजेडाकडे तोंड करायला सांगत, बोटं मोजत, दात बघत. माझ्या डोळ्यापाशी एक जण थांबला, त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोणी काही वाईट बोललं नाही. घडी केलेला काळा पोशाख माझ्या हातात ठेवला. जे निवडले जातात ते पांढरे कपडे घालून आत जातात, आणि ज्यांच्यात दोष निघतो ते काळे घालून, काळे पांघरून, मुकाट बाहेर पडतात. आठ वर्षांनी माझा धाकटा भाऊ हिल्कीया त्याच दालनातून पांढऱ्यात आत गेला, आणि आमच्या बापाने गल्लीभर जेवण घातलं. मी वाढत होतो. पाहुणे डाळीत भाकरी बुडवून म्हणत होते, अहरोनाच्या वंशात दोष निघाला नाही, देवाची कृपा. माझ्या हातातून वाढून घेत म्हणत होते. मी रागावलो नाही. मला वाटतं मी त्या दिवशी फक्त ऐकू येणं थोडं कमी करून घेतलं.

चालताना मला बापाचा आवाज आठवत होता. बाप बदाम फोडता फोडता शिकवायचा, टरफलं आमच्या अंगावर उडायची. परक्याचं पापार्पण घ्यायचं नाही, कारण पाप मोजायची त्याची नि आपली पद्धत एक नाही. पण नवसाचा होमबली आणला, खुशीने आणला, तर घ्यायचा; पूर्ण जाळायचा; त्यातला घास कोणी खायचा नाही. हिल्कीया विचारायचा, का घ्यायचा? बाप म्हणायचा, कारण शास्त्राने 'कोणीही माणूस' म्हटलंय, आणि ते माणूस नाहीत का? होमबलीबरोबर वेदीपाशी द्राक्षारस ओतावा लागतो. एखाद्या परक्याने लांबून जनावर पाठवलं आणि द्राक्षारस पाठवायला विसरला, तर तो मंदिराच्या साठ्यातून ओतायचा. हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं. पाहुणा रिकाम्या हाताने आला तर त्याची लाज आपण राखायची. आणि आज कोकरू, द्राक्षारस, पीठ, सगळं घेऊन आलेल्या बाईला आम्ही कठड्याबाहेरून हाकलत होतो. अंगाचा तिळपापड झाला. तरीही खोटं कशाला बोलू, त्या तरुण याजकांचा राग मला कळत नव्हता असं नाही. रोमच्या सुभेदाराने मंदिराचा खजिना उपसला होता. वरच्या बाजारात त्याच्या शिपायांनी दिसेल त्याला कापलं, त्यात माझ्या शेजाऱ्याचा जावई गेला, हातात भाजीची जुडी असताना. सम्राटाच्या नावाने रोज कोकरं चढवायची आणि त्याच्याच शिपायांनी आमची माणसं मारायची, हे कोणाच्या घशाखाली उतरेल? माझ्याही नाही उतरत. पण सुभेदाराचा राग सोरच्या रंगारणीवर काढायचा हे कुठलं शौर्य, ते मला कोणी समजावून द्यावं.

हिल्कीयाची त्या आठवड्यात वेदीवरच्या सेवेची पाळी होती. बायकांच्या अंगणाच्या कडेला, सावलीत, तो ओल्या पायांनी उभा होता. गार दगडांवर अनवाणी वावरून पाळीवरच्या याजकांची पोटं कायम बिघडलेली असतात. मला पाहताच त्याने ओळखलं. मी सगळं सांगितलं, नातू, अमावास्या, कोकराचे खूर. तो ऐकत होता, पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे जात होती, कोणी बघतंय का म्हणून. माझा हा भाऊ भित्रा आहे असं मी म्हणणार नाही. तो नाकासमोर चालणारा आहे, आणि सध्या नाकासमोर तरवारी होत्या.

"दादा, नियम मला सांगू नकोस," तो म्हणाला. "नियम आपल्या दोघांना एकाच माणसाने शिकवलाय."

"मग काय शिकवलं त्याने?"

"घ्यायचं, असंच शिकवलं. पण आज एका बाईचं घेतलं तर उद्या विचारतील, सम्राटाचं का नाही. मोठमोठे पंडित काल दारापुढे उभे राहून घसा फोडून सांगत होते, की आपल्या वाडवडिलांनी कधी कोणा परक्याला परत पाठवलं नाही. त्यांचं कोणी ऐकलं नाही. माझं ऐकतील?"

मी म्हणालो, तुला ऐकवायचं नाहीये, चढवायचं आहे. त्यावर तो चिडला, आणि चिडल्यावर लहानपणी जसा खालचा ओठ चावायचा तसा चावून म्हणाला, "तुला आतलं कधी काही मिळालं नाही ना, दादा. म्हणून तुला बाहेरचेच जवळचे वाटतात."

हे लागलं. सांगायला लाज कसली, चांगलंच लागलं. तो लगेच वरमला, माझ्या बाहीला हात लावला, पण मी त्या वेळी वेगळंच बघत होतो. त्याच्या मागे पंधरा पायऱ्या, पायऱ्यांच्या वर मोठं दार, दाराच्या आत वेदी. तीस वर्षांत मी तिच्यापासून किती हात अंतरावर राहायचं ते मला झोपेतही सांगता येतं. वाटा मिळतो, पवित्र अन्न मी खातो, ते मला कोणी नाकारलेलं नाही. पण वेदीवर हात नाही. मग मला कोण जवळचं वाटणार? बाहेरचे वाटतात, हे खरंच आहे. त्याने टोमणा मारला आणि तो बरोबर निघाला, एवढंच. मी त्याला हे बोललो नाही. मी नुसता उभा राहिलो, हललो नाही, आणि माझं असं उभं राहणं त्याला लहानपणापासून सहन होत नाही. शेवटी तोच म्हणाला, की एक वाट आहे. कोकरू तू तिच्याकडून भेट म्हणून घे. तुझं झालं. तुझ्या नावाने दे, मी सूर्य कलायच्या आत चढवतो, कोणाच्या बापाची हरकत नाही.

परत कठड्याकडे येताना माझी पावलं हलकी पडत होती, हे कबूल करतो. युक्ती सोपी होती. कोकरू तेच, वेदी तीच, धूर तोच. वर माझं नाव. हिल्कीया माझं नाव घेऊन पायऱ्या चढेल, माझ्या नावाने रक्त शिंपडेल. मी मनातल्या मनात ते दोनदा ऐकूनसुद्धा घेतलं. बतनोआम उन्हात तशीच उभी होती, कोकराला तिने स्वतःच्या सावलीत घेतलं होतं. मी तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे देवाला सांगणार, की हे तुमचं."

"देवाला कळतंय ना कोणाचं ते."

"देवाला कळतंय तर मग तुमच्या नावाचं सोंग कशाला, बाबा? आणि कळत नसेल, तर माझ्या पोरीच्या पोराचं काय?" मग माझी कीव आल्यासारखी म्हणाली, "नवस माझा आहे. तो मला फेडू द्या."

मेशुल्लाम दारापाशी उभा राहून कानाडोळा करत होता, म्हणजे अक्षर न् अक्षर ऐकत होता. मला त्या बाईचा राग यायला हवा होता. एवढी खटपट करून वाट काढली आणि ही नको म्हणते. पण मला स्वतःचीच लाज वाटली. सव्वीस वर्षं मी परक्यांचे दोर घेत आलो ते त्यांचं त्यांच्या नावाने आत जावं म्हणून, आणि आज दोन घटकांत मी ते स्वतःच्या नावावर करून घ्यायला निघालो होतो. तिथे, त्या कठड्यावर कोपर टेकून, मला बापाचं आणखी एक बोलणं आठवलं. ते त्याने एकदाच सांगितलं होतं आणि आम्ही दोघं हसलो होतो, इतकं ते निरुपयोगी वाटलं होतं. मंदिराबाहेर बली द्यायची बंदी आपल्याला आहे, त्यांना नाही. परका माणूस आजही कुठल्याही माळावर चार धोंडे रचून देवाला होमबली देऊ शकतो, नोहाने कुठे यरुशलेमेत येऊन वेदी बांधली होती? फक्त आपण त्यात हात घालायचा नाही. त्याच्या वतीने काही करायचं नाही. कसं करायचं ते शिकवायला मात्र हरकत नाही. हिल्कीयाने तेव्हा विचारलं होतं, असं कोण शिकायला येणार? मी बतनोआमला विचारलं, "नवस बोलताना नेमकं काय म्हणालीस? आठवून सांग. एक शब्द इकडचा तिकडे नको." तिला आठवावं लागलं नाही. म्हणाली, "म्हटलं होतं, डोंगरावरच्या देवा, मूल जगलं तर तुझ्या दारात कोकरू आणीन आणि तुला देईन." दारात आणीन. वेदीवर चढवीन असं ती म्हणालीच नव्हती. तिला वेदी कुठे ठाऊक होती. दारात तर ती सकाळपासून उभी होती. द्यायचं तेवढं राहिलं होतं. मी म्हणालो, चल.

शहराच्या उत्तरेला, सोरच्या वाटेवर, तिचा तांडा उतरला होता. त्याच्याही वरच्या अंगाला एक उघडा माळ आहे, तिथून मंदिराची गच्ची दिसते. तिने तांड्यातून सुरी आणली, चकमक आणली, अंजिराची सुकी लाकडं दोन खेपांत आणली. मी रिकाम्या हाताने चाललो होतो, म्हातारी बाई ओझी वाहतेय आणि धडधाकट पुरुष मागून नुसता चालतोय; तांड्यातल्या उंटवाल्यांनी माझ्याकडे पाहून जे तोंड केलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. तोंडाने सांगू लागलो. दगड आख्खे घे, तासलेले नकोत, लोखंड लागलेला एकही नको. हा कीड लागलेला ओंडका टाक, नाही, तो नाही, त्याच्या शेजारचा, सालीखाली बघ. ती वाकत होती, उचलत होती, मी सांगत होतो. आणि माझ्या लक्षात आलं की मला सगळं येतंय. कधी न केलेलं सगळं. तीस वर्षं लांबून बघून बघून ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं, की दगड कुठल्या बाजूने बसेल ते मला तिच्या आधी खांद्यात जाणवत होतं. गुडघ्याएवढी रास झाली. कंबरेएवढी होत आली. तेवढ्यात वरचा एक धोंडा सरकला, आणि मी पाय पुढे करून तो अडवला.

पायच होता. हात नव्हेच. तो धोंडा माझ्या पायाशी टेकून, नीट बसून, थांबला; ती म्हणाली, बरं झालं. मी मात्र गार पडलो. पाय काढून घेतला आणि बघत राहिलो. त्या राशीत आता एक दगड माझा होता. ती तिची वेदी राहिली नव्हती. यरुशलेमेच्या बाहेर एका याजकाने रचलेली वेदी झाली होती, म्हणजे जे आम्हाला साफ निषिद्ध तेच. आणि तिचा नवस पुन्हा अर्धा माझा. हिल्कीयाची युक्ती तिने नाकारली, आणि इथे मी माझ्याच पायाने तीच गोष्ट केली. सूर्य बराच कलला होता. दिवसाउजेडी झालं नाही तर उद्यावर जाणार, आणि उद्या पहाटे तांडा हलणार. तिच्याखेरीज कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर त्यात काय बिघडलं ते तिलाही कळलं नसतं. मी म्हणालो, "सगळं उतरव. पहिल्या दगडापासून परत."

तिने कंबरेवर हात ठेवले. "एका दगडासाठी?"

"हो."

"तुमच्या देवाला पाय दिसला?"

"मला दिसला."

मग ती मला तिच्या सोरच्या बोलीत काय काय म्हणाली ते सगळं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते सांगण्यासारखं नाही. पण दगड उतरवू लागली. एकेक. मी अडवलेला धोंडा तिने उचलला आणि उतारावर इतक्या जोरात भिरकावला की खाली उंट बुजले. मी मागे सरकून दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो, आणि तिथून सांगू लागलो. या वेळी रास वाकडी झाली, एका कुशीवर फुगलेली. माझ्या हातांना मागे कळा लागल्या होत्या, इतके ते पुढे यायला बघत होते. मी येऊ दिले नाहीत. वाकडी तर वाकडी, तिची होती.

पुढचं तिने फार सांगावं न लागता केलं. मी म्हणालो, कातडं काढायचं नाही, तुकडे करायचे नाहीत, तुझ्या लोकांना ते लागू नाही, आख्खं द्यायचं. तिने कोकराचे पाय त्याच्याच दोराने बांधले. आमच्या इथे परक्याला आपल्या जनावराच्या डोक्यावर हात ठेवता येत नाही, ते कठड्यापाशीच राहून जातं; इथे तिने न विचारता दोन्ही जांभळे हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि बराच वेळ तशीच बसली. नातवाला ज्या नावाने हाका मारत असेल त्याच नावाने तिने त्याला हाक मारली.  मी तोंड फिरवलं नाही, कारण शिकवणाऱ्याने बघायला हवं. सुरी एकदाच चालली, स्वच्छ चालली. शिंपल्या फोडणारा हात होता. रक्त तिने राशीच्या चारी अंगांना ओतलं, द्राक्षारस ओतला, पीठ टाकलं. चकमकीची ठिणगी तिसऱ्यांदा धरली. अंजिराचं लाकूड आधी कुरकुरलं आणि मग एकदम पेटलं, आणि वारा आमच्याकडे वळल्यामुळे धूर सरळ वर न जाता आमच्या दोघांच्या अंगावर आला. मी दहा पावलांवर होतो. मग नऊवर. कठडा नव्हता, पायऱ्या नव्हत्या, मला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि ही वेदी माझी नसल्यामुळेच मला तिच्या इतकं जवळ जाता येत होतं. तोंडाला आच लागेपर्यंत मी पुढे गेलो. आयुष्यात इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

खूप वेळ जळत होतं. ती लाकडं सारत होती, मी कुठे सारायची ते सांगत होतो. शेवटी हाडं बसली, तेव्हा ती माझ्याकडे वळली. तोंड काजळीने माखलेलं.

"फिटला का?"

सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मंदिरात हा प्रश्नच येत नाही. कोकरू भिंतीआड जातं, माणूस विश्वासाने घरी जातो. मला निर्णय द्यायचा अधिकार नाही, मी लाकडं निवडणारा माणूस. खाली शहरात जाऊन चार पंडितांना विचारलं असतं तर दोघं हो म्हणाले असते आणि दोघं नाही, आणि तिचा तांडा तर पहाटेच हलणार होता. मी तिला म्हणालो, "दारात आणीन म्हणालीस, आणलंस. देईन म्हणालीस, दिलंस. तुझा नवस फिटला. दार लागलेलं होतं हा दोष आमचा, तो तुझ्याकडे येत नाही." तिने माझ्या डाव्या डोळ्याकडे निरखून पाहिलं, मग उजव्या, मी खरं बोलतोय का ते बघत असावी. मग मान हलवली, राखेवर माती सारली, ओढणी झटकली आणि तांड्याकडे उतरून गेली. मागे वळून पाहिलं नाही. निश्चिंत झालेली माणसं बघत नाहीत, मला ठाऊक आहे.

मी शहरात परतलो तेव्हा उत्तरेचा दरवाजा बंद करायची तयारी चालली होती. मी हातपाय धुतले नाहीत, कपडे झटकले नाहीत. वाटेत हौद होता तरी नाही. मला सरळ हिल्कीयाकडे जायचं होतं आणि त्याच्यामार्फत नव्हे तर त्याच्यासमक्ष तरुण याजकांच्या त्या सरदाराला सांगायचं होतं, की आज काय केलं, आणि उद्या कोणी परका कोकरू घेऊन आला तर उद्याही करीन. काय व्हायचं ते होऊ दे. दरवाजावर एक नवा पहारेकरी होता, मला न ओळखणारा. मी जवळून जाताना त्याने नाक वर करून वास घेतला, चरबीचा, लाकडाचा, द्राक्षारसाचा, तो वास एकाच जागेहून येणाऱ्या माणसांच्या अंगाला येतो. तो भिंतीला टेकला होता तो सरळ झाला, भाला दुसऱ्या हातात घेतला आणि अदबीने बाजूला होत म्हणाला, "वेदीवरची पाळी करून आलात का, महाराज?"

मी म्हणालो, "हो."